न चोरलेला गंधार

– नाही, नाही, तिथे नका ठेवू ती पिशवी, तिथे माझे कागद आहेत. खाली ठेवा, जमिनीवर. जमिनीवर काय ठेवायचं म्हणून तोंड वाकडं करताय ते दिसतंय मला, पण या खोलीत तेवढी एकच रिकामी जागा आहे – बाकी सगळीकडे खोकी. खोकी माझी नाहीत. आमच्या कन्येची. महिनाभर मैत्रिणीकडे राहतेय, आणि आज संध्याकाळी चालली कायमची, लांबच्या शहरात नोकरी लागलीय तिला, तिकडच्या संगीत शाळेत. उरलेली खोकी न्यायला दुपारी येणार. पियानोही तिचाच, म्हणून तर तुम्हाला धाडलं असणार – सुरात लावून घ्यायचा आणि मग विकायचा नाहीतर उचलून न्यायचा. मला सांगितलं का? नाही सांगितलं. मी विचारलं का? मीही नाही विचारलं. विचारतोय कोण? तुम्ही तुमचं काम करा, मी इथे बसतो. बसणार म्हणजे बसणार, माझंच घर आहे.

तर पियानो लावता तुम्ही. म्हणजे चोरी करता. रागावू नका, मी तुमच्या तोंडावर बोलतोय, माझे मेव्हणे पाठीमागे बोलतात तसं नाही. चोरी नाही तर काय? पंचम म्हणजे काय – सांगा ना, लावता ना रोज – पंचम म्हणजे तीनास दोन. एक तार दोनदा हलते तेवढ्यात दुसरी तीनदा. झालं, एवढं सोपं, पोरसुद्धा म्हणेल हो. पण तुम्ही काय करता, प्रत्येक पंचमातून चिमूटभर काढून घेता, कुणाला कळत नाही एवढंच, आणि शेवटी सगळा हिशेब भरतो तो बिचारा गंधार. त्याला वर खेचता. कायम पायाच्या बोटांवर उभा केल्यासारखा थरथरत असतो तो, आणि लोक म्हणतात वा, काय गोड. खरा गंधार पाचास चार असतो, आणि तो थरथरत नाही. दोन आवाज एकमेकांत बसतात आणि गप्प होतात. तुम्ही तो शेवटचा कधी ऐकलात? नसेलच ऐकला. तुमच्या खिशात मोबाईल आहे, त्यात ते यंत्र आहे, त्यातला काटा मध्ये आला की तुमचं काम झालं. कान कशाला हवेत. कानावर पेन्सिल ठेवायला.

पुढची फळी काढलीत का? ठेवा भिंतीला टेकून. आणि ते काय आहे – तिथे, मधल्या पट्टीच्या मागच्या लाकडावर – चष्मा नाहीये माझ्या डोळ्यावर, पण गोल काहीतरी दिसतंय, पेन्सिलीचं. तुम्ही काढलंत? नाही? मग आधीच्या लावणाऱ्याने काढलं असेल, तुमच्या धंद्यातली माणसं दुसऱ्याच्या लाकडावर लिहीत सुटतात. पुसून टाका. नंतर? बरं, नंतर पुसा, पण पुसा. मला वस्तूवर रेघोट्या चालत नाहीत.

रेघेचं मला सांगू नये कुणी. उभी नोकरी मोजणी खात्यात काढली मी, नकाशे आखण्यात. खूण कशी असावी हे आमच्याकडे येऊन शिकावं लोकांनी. विहिरीची खूण बघितल्याबरोबर विहीर वाटली पाहिजे, आणि कागद दमट झाला, शाई फुटली, तरी ती देऊळ वाटता कामा नये. आणि इकडे या संगीतवाल्यांकडे बघा – शेकडो वर्षं झाली, पाच रेघा आणि त्यावर काळे ठिपके. ठिपका सांगतो काय? गंधार. अहो पण कुठला गंधार? चोरीचा की खरा? त्यावर मौन. हे म्हणजे नकाशात नुसतं ‘झाड’ लिहायचं आणि किती लांब आहे ते वाटसरूला विचारायला लावायचं. म्हणून मी निवृत्त झाल्यावर लिपी करायला घेतली. लोक बागकाम करतात, मी लिपी केली.

स्वराला नाव देणं हाच मुळात गाढवपणा, हे मला पहिल्यांदा कळलं. खरं असतं ते अंतर. या स्वरापासून तो स्वर किती लांब – तेवढं लिहा, बाकी सगळा पसारा आहे. आणि कुठलंही चोख अंतर घ्या, फोडून बघा, आत तीन, पाच आणि सात एवढेच निघतात. दोन धरायचा नाही, दोन म्हणजे नुसतं वरचं नाहीतर खालचं सप्तक. म्हणून तीनाला उभी दांडी. पाचाला आकडी. साताला टिंब. वर जायचं तर डोक्यावर, खाली यायचं तर पायाशी. पंचम – डोक्यावर एक दांडी. खरा गंधार – डोक्यावर एक आकडी. कोमल गंधार सहास पाच, सहाच्या पोटात तीन आहे, म्हणून डोक्यावर दांडी, पायाशी आकडी. बस. तुम्हाला कळलं ना? तुम्हाला कळलं, कारण यात न कळण्यासारखं काही नाहीच. दांडी किती तिरकी ठेवायची ते ठरवायला मला एक अख्खा हिवाळा लागला. सरळ ठेवली तर मंद उजेडात ती इंग्रजी एकाचा आकडा वाटते, फार तिरकी केली तर आकडीशी भांडते. अशा गोष्टींचा विचार कुणी केलाय आजवर? मी केला. आणि ज्यांच्यासाठी केला ते काय म्हणाले माहितीये? मुंग्या. ‘आज काकांच्या मुंग्या गायच्यात का?’ दातांचा डॉक्टर आहे एक, खर्जात गातो, म्हणजे खर्जात घसा खाकरतो – त्याने काढलं हे नाव. त्या मुंग्या मग सगळ्या गानवृंदात फिरल्या.

गानवृंद आमच्या मेव्हण्यांचा. बायकोचे भाऊ. बायको गेली, मेव्हणे राहिले, नशीब म्हणायचं. हातात छडी घेऊन उभे राहतात आणि चाळीस माणसांपुढे ती हलवतात, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशा, आणि शेळ्या जिकडे जायच्या तिकडे जातात. तरी मी गेलो त्यांच्याकडे, माझ्या लिपीत लिहिलेलं गाणं घेऊन. कारण माणसाचा गळा ही एकच गोष्ट उरलीय ज्यात चोरी करावी लागत नाही. गळा हवा तिथे थांबतो. त्याला पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत. मेव्हण्यांनी किती आढेवेढे घेतले. शेवटी तयार झाले ते माझ्यासाठी नाही, आमच्या कन्येने गळ घातली म्हणून. मामाची लाडकी. त्यांच्या वृंदात पियानो तीच वाजवायची.

तिने मला – तुम्ही वाजवा, वाजवा, माझं बोलणं चालू राहील – तिने मला मदत केली, नाही म्हणत नाही मी. कडवी तिने बांधली, अक्षरं तिने लावली, पन्नास प्रती स्वतःच्या हाताने काढल्या, कारण छापखान्यातल्या शहाण्याला माझी आकडी खरचटलेली वाटली. एकदा याच टेबलाशी बसलो होतो. ती म्हणाली, बाबा, यातली प्रत्येक खूण आधीच्या खुणेपासूनचं अंतर सांगते. पण आपण निघालो कुठून ते कुठेच नाही. तुम्हीच सांगायचात ना, मोजणीला आधी खुणेचा दगड, मग साखळी, आणि थोडं पुढे गेलं की परत दगडाशी येऊन ताडून बघायचं. मग इथे दगड कुठाय? आणि तिने एक वर्तुळ काढलं. आमच्या नकाशात खुणेच्या दगडाला काढतात तसलं, पोकळ. कडव्याच्या तोंडाशी काढलं. म्हणाली, हे दिसलं की सगळ्यांनी घरी यायचं, सुरुवातीच्या सावर. मी म्हटलं, ज्याचे कान शाबूत आहेत त्याला घर दाखवावं लागत नाही. ही कुबडी आहे. माझ्या लिपीत लंगड्यांची सोय नाही. आणि खोडरबर घेऊन पुसलं ते. पुसणारच. एक उपरी खूण आत आली की दहा येतात.

काय? तिने काय केलं? खोडरबराचा भुगा झटकला आणि पुढचं पान घेतलं.

बरं, मग कार्यक्रम झाला. मोठं सभागृह, खुर्च्या भरलेल्या, पहिल्या रांगेत मी. आता हे नीट ऐका, कारण हे त्या चाळीस जणांपैकी एकालाही आजतागायत कळलेलं नाही. गाण्याचं ध्रुवपद चार पावलांचं. वर जायचं, खाली यायचं, पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि सावर परत. प्रत्येक पाऊल चोख, माझ्या खुणांबरहुकूम. पण चोख पावलांची एक खोड असते. ती चारी पावलं टाकून तुम्ही जिथे पोचता तो सा नसतो. साच्या किंचित खाली असता तुम्ही. किंचितच, दाराच्या उंबऱ्याएवढं म्हणा. एका वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. पण ध्रुवपद चार वेळा. तालमीत हे कधी कळलंच नाही, कारण मेव्हणे तुकड्या-तुकड्याने तालीम घ्यायचे, आणि प्रत्येक तुकड्याआधी आमची कन्या पियानोवर सा द्यायची. प्रत्येक वेळी सगळे दगडावरून निघायचे. म्हणजे – सावरून निघायचे. कार्यक्रमात मात्र सलग गायले, पियानो गप्प, तो शेवटच्या कडव्याला येणार. आणि गायले हो. पहिल्यांदा आयुष्यात गायले ती माणसं. तो दातांचा डॉक्टरसुद्धा. गंधार असा बसत होता की सभागृहातला पंखा ऐकू यावा. आणि सगळा वृंद हळूहळू खाली चालला होता, उंबरा उंबरा करत, आणि मेव्हणे छडी हलवत होते.

मला दुसऱ्या ध्रुवपदाला कळलं. कळून काय करतो? उभं राहून ओरडू? मी तिच्याकडे बघितलं. ती पियानोशी हात मांडीवर ठेवून बसली होती, डोळे मिटलेले, आणि ओठ हलत होते. मोजत होती ती. तिलाही कळलं होतं. शेवटचं कडवं आलं, तिने हात उचलले, आणि सगळं एक पट्टी खाली वाजवलं. पुढ्यातल्या कागदावर एक, बोटांखाली दुसरंच, सगळंच्या सगळं जागच्या जागी उतरवून. एकही बोट अडखळलं नाही. लोकांना वाटलं असंच असेल. टाळ्या काय, फुलं काय. मेव्हणे वाकून वाकून अभिवादन करत होते, कंबर मोडेल म्हणून मला काळजी वाटली.

आणि तुम्ही म्हणाल, वाचवलं की तिने तुम्हाला. म्हणा, म्हणा, चेहऱ्यावर लिहिलंय तुमच्या. मला कुणी वाचवायला सांगितलं होतं? वृंद चुकला नव्हता. गुणोत्तरांनी नेलं तिथे वृंद गेला. चुकला होता पियानो, तुमचा हा चोरीचा पियानो, पहिल्या कडव्यापासून जागेवर खिळून बसलेला. तिने मूळ पट्टीत वाजवायला हवं होतं. आपटू द्यायचं होतं दोघांना एकमेकांवर. सगळ्या सभागृहाला ऐकू आलं असतं की खरं काय आणि खोटं काय. त्याऐवजी झाकली मूठ. घरी आल्यावर मी म्हटलं, तू खोटं वाजवलंस. माझ्या कामावर पांघरूण घातलंस, लोकांसमोर उपकार केलेस बापावर. ती म्हणाली, ‘बाबा, ते जिथे होते तिथे मी गेले. बस.’ 

ते जिथे होते तिथे. बघा, ही उत्तरं. आणि तिथे तरी पोचली का? नाही पोचली. चार उंबरे मिळून एक पट्टी होत नाही, थोडं कमी पडतं. म्हणजे वृंद तिच्यापेक्षा केसभर वर होता, आणि तिचा पहिला स्वर वाजल्याबरोबर ती चाळीस माणसं तेवढी खाली सरकली. छडीकडे न बघता, कागदाकडे न बघता, सगळी एकदम. वर्षभर माझ्या खुणांपुढे डोकं फोडून जी माणसं इकडची तिकडे होत नव्हती, ती तिच्या एका बोटावर सरकली. ऐकलं मी ते. फक्त मी ऐकलं. त्या दिवसापासून आमच्या घरात दोनच वाक्यं. ‘दूध आलंय.’ ‘गॅस बंद केला का.’ ती ‘दूध आलंय’ म्हणायची, गॅसचं मी विचारायचो. मग तिने ती नोकरी धरली. माझ्यामुळे नाही हं. पगार बरा आहे म्हणे. लोकांना काय, लोक कशामुळेही जातात. प्रती सगळ्या मेव्हण्यांनी परत पाठवल्या, त्याच त्या, तुम्ही पिशवी ठेवत होतात तिथल्या. गाढवाला गुळाची चव काय. ती शेवटचं विचारायला आली होती, बाबा, मी जाऊ ना? मी म्हटलं, गॅस बंद केला का. 

काय वाजवताय ते?

थांबा. परत वाजवा. तेच दोन, सा आणि तो वरचा. दाबून ठेवा पट्ट्या, बोटं उचलू नका. गप्प बसा जरा.

– 

हा गंधार तुम्ही चोरला नाहीत.

पुन्हा. हं. थरथर नाही. बसला. आणि पंचम? वाजवा पंचम. तीनास दोन, चोख. अहो, काय करताय काय तुम्ही? असा लावला तर हा पियानो एकाच घरात राहील, या एका सावरूनच खरा बोलेल. दुसऱ्या कुठल्या पट्टीत नेला की पायात काटा मोडल्यासारखा कोकलेल. कुणी घेणार नाही हा विकत. तिला यावर तिचं एक पान वाजवता येणार नाही. शाळेतल्या मुलांना ती काय शिकवणार यावर? हे तुमच्या मोबाईलने सांगितलं का? कुणी सांगितलं?

ताईंनी, म्हणताय. म्हणजे आमच्या कन्येने.

कधी? फोनवर नाही, स्वतः आली होती दुकानात. बरं. आणि काय म्हणाली? तुमचे शब्द नकोत, तिचे सांगा. – सगळं चोख लावा, कुठे काही काढून घेऊ नका. हं. – वेळ लागला तरी चालेल. हं, पुढे. – पियानो इथेच राहणार आहे. इथे? या खोलीत? वाजवणार कोण इथे, मला तर धड – बरं. ते असू दे. सुरुवात कुठून करायची ते कसं कळलं तुम्हाला? बोटाने नका दाखवू, मला दिसत नाही त्या बोटाने. चष्मा द्या माझा. तिथे, कागदांवर आहे. त्या मुंग्यांवर.

सरका.

हे तिने काढलंय. होय. पोकळ वर्तुळ, बरोबर साच्या पट्टीमागे, लाकडावर. मी घरात नसताना येऊन काढलं असणार. फळी बसवली की दिसणारही नाही कुणाला. आणि ते खोडरबर काय काढताय खिशातून? मी म्हटलं होतं पुसा? मी काय वाटेल ते म्हणतो. ठेवा ते आत. हात लावायचा नाही त्याला, कळलं ना, फळी लावतानासुद्धा घासायची नाही, वरून अलगद टेकवायची. उजव्या बाजूला चपटं झालंय बघा. लहान होती तेव्हापासून असंच. कंपास देतो म्हटलं की नको म्हणायची, आणि हाताने काढलं की उजवीकडे चपटं. किती वेळा शिकवलं असेल मनीला, हात फिरवू नकोस, कागद फिरव. पालथ्या घड्यावर पाणी. आणि इथे तरी कागद कसा फिरवणार म्हणा, पियानो आहे.

श्श. जिन्यात कोण आहे? कान द्या की जरा, धंदा कानाचा ना तुमचा. तीच. डावं पाऊल जोरात पडतं तिचं.

आवरा. उरलेलं उद्या लावा, सकाळी या, आज नको. हत्यारं राहू देत इथेच, कुणी खात नाही. नाही, मी काही विशेष बोलणार नाहीये तिच्याशी, तुम्हाला काय करायचंय. वर्तुळ उजवीकडे चपटं आहे, एवढंच सांगणार आहे. ते सांगायला नको? पण ‘दूध आलंय’ तिला म्हणू देणार नाही आज. तिच्याआधी मी बोलणार. चला, निघा तुम्ही. पिशवी घ्या. आणि दार ओढून घेऊ नका जाताना, उघडंच ठेवा.